आधी गोल, मग आठ

ड्रिफ्ट शिकवणाऱ्या मैदानावर पहिला धडा असतो तो गिरकीत गेलेली गाडी थांबवण्याचा. क्लच पूर्ण आत, ब्रेक पूर्ण आत, दोन्ही पाय एकाच वेळी, आणि गाडी जागेवर ठाम उभी राहीपर्यंत दोन्ही तसेच दाबून ठेवायचे. जपानमध्ये फुकुशिमा प्रांतात निहोन्मात्सू शहरात, डोंगरावर एबिसू सर्किट आहे. तिथल्या आमच्या शिक्षकांनी हे इंजिन बंद असलेल्या गाडीत बसवून एवढं घोटून घेतलं, की त्यांनी टाळी वाजवली की पाय आपोआप खाली जायचे. इंजिन सुरू करायची परवानगी त्यानंतर मिळाली.

एवढा आग्रह का, तर गाडी गिरकी घेते तेव्हा ती कुठे जाऊन थांबणार हे बाकीच्यांना कळायला हवं. क्लच दाबला की इंजिनाचा जोर चाकांपासून सुटतो आणि इंजिन बंदही पडत नाही. ब्रेक दाबून चाकं अडकवली की गाडीचं धूड ज्या दिशेला आधीच निघालेलं असतं त्याच दिशेला घसटत जाऊन थांबतं, मग तोंड कुठेही असो. कडेला उभ्या माणसाला, मागून येणाऱ्या गाडीला तिचा मार्ग ओळखता येतो. पण अर्ध्या गिरकीत घाबरून ब्रेक सोडला, तर चाकं पुन्हा फिरू लागतात, जमिनीला धरतात आणि त्या क्षणी तोंड जिकडे असेल तिकडे गाडी सुसाट निघते. भिंतीकडे असेल तर भिंतीकडे. म्हणून गिरकीला इथे कुणी घाबरत नाही. गिरकीतला सोडलेला ब्रेक मात्र शिक्षक कधीही चालवून घेत नाहीत.

मी मूळची साताऱ्याची. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनीअर, आणि गेली बरीच वर्षं जपानमध्ये टायरच्या रबरावर काम करते. दिवसभर रबर रस्त्याला कसं धरतं हे मोजायचं आणि स्वतः मात्र ते सुटतं तेव्हा काय होतं हे कधी अनुभवायचं नाही, हे मला पटेना. वडील, म्हणजे अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. सातारा-मेढा-महाबळेश्वर, कधी पुढे आंबेनळी घाट उतरून पोलादपूर-महाड. जूनच्या पहिल्या पावसाला ते फार जपत. वर्षभर रस्त्यावर बसलेलं तेल, धूळ आणि टायरची झीज पहिल्या सरीत एकत्र कालवली जाते आणि नीट धुऊन जाईपर्यंत डांबर निसरडं राहतं, हे मी पुढे प्रयोगशाळेत शिकले. अण्णांना ते पायाच्या तळव्याला कळायचं. ते म्हणत, "मागनं गाडी सुटली तर गप ऱ्हायचं. ब्रेकवर उभं ऱ्हायचं न्हाई. पाय हळू उचलायचा आन् जिकडं जायचंय तिकडं बघायचं." ड्रिफ्टचं अर्ध्याहून अधिक शिक्षण या तीन वाक्यांत आहे, आणि अण्णांनी आयुष्यात एकदाही हौसेने गाडी घसरवलेली नाही.

मागचं चाक सुटतं म्हणजे काय, हे आधी सांगते.

टायर रस्त्याला धरतो तो तळहाताएवढ्या जागेवर. चार टायर, चार तळहात, बस्स. त्या प्रत्येकाकडे पकडीची एक ठरावीक रक्कम असते, महिन्याच्या पगारासारखी. ती गाडी पुढे ढकलण्यात खर्च करा, थांबवण्यात करा किंवा वळवण्यात करा. एका कामावर जास्त गेली की दुसऱ्यासाठी कमी उरते. वळणावर आधीच बरीचशी पकड बाजूला ओढून धरण्यात गुंतलेली असते. तेवढ्यात ॲक्सिलरेटर जोरात दाबला, तर मागच्या चाकांकडे बाजूला धरायला काही उरत नाही आणि गाडीचा मागचा भाग वळणाच्या बाहेर झुकू लागतो. गाडीचं नाक आत, शेपूट बाहेर. याला ओव्हरस्टिअर म्हणतात. हा तोल बिघडू न देता, स्टिअरिंग घसरणीच्या दिशेला फिरवून आणि ॲक्सिलरेटरवर पाय मोजून ठेवून, गाडी त्याच आडव्या अवस्थेत पुढे नेत राहणं म्हणजे ड्रिफ्ट.

मागच्या चाकांना इंजिनाचा जोर असलेली गाडी यासाठी लागते, कारण तिच्यात कामाची वाटणी झालेली असते. पुढची चाकं फक्त वळवतात, मागची ढकलतात. मागची पकड मुद्दाम उधळली तरी पुढची शाबूत राहते आणि दिशा आपल्या हातात असते. पुढच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत ढकलणं आणि वळवणं दोन्ही पुढच्याच दोन टायरांवर येतं. तिथे ॲक्सिलरेटर दाबला की नाक वळणाबाहेर सरकतं.

आपल्याकडे एकेकाळी सगळ्याच मोटारी मागच्या चाकांवर चालायच्या. ॲम्बेसेडर, कुर्ल्याला बनणारी फियाट म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी, जीप, एसटी, ट्रक. १९८३च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि घरगुती गाडी पुढच्या चाकांवर गेली. तेव्हापासून गाडी शिकलेल्या बहुतेकांना मागचा भाग सुटण्याची जाणीवच नाही. सवय मोडली ती मोडली, त्यात वाईट काही नाही, कारण साध्या चालकासाठी पुढच्या चाकांची गाडी जास्त सोशीक असते.

जपानमध्ये ड्रिफ्टला जन्म दिला तो शर्यतींनी. कुनिमित्सू ताकाहाशी हे मुळात मोटारसायकलस्वार. १९६१ साली हॉकेनहाइमला २५० सीसी गटात होंडावर जिंकून जागतिक ग्रां प्री जिंकणारे ते पहिले जपानी ठरले. पुढे ते मोटारींच्या शर्यतीत आले आणि सत्तरच्या दशकात वळणात वेगाने शिरून गाडी आडवी नेत बाहेर काढण्याची त्यांची ढब लोकांच्या डोळ्यांत भरली. नागानो प्रांतातला केइची त्सुचिया हा पोरगा त्यांचा भक्त. त्याने ती ढब डोंगरातल्या रस्त्यांवर घोटली. गाडी होती टोयोटाची एई-८६. १९८३ ते १९८७ या काळात बनलेली, १.६ लिटरचं इंजिन, वजनाला हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, आणि तरुणाच्या खिशाला परवडणारी. १९८७ साली घाटात गाडी घसरवतानाची त्याची चित्रफीत निघाली, त्यापायी त्याचा परवाना काही काळ निलंबित झाला, आणि तीच चित्रफीत देशभरच्या पोरांनी झिजेपर्यंत पाहिली. पुढे शुइची शिगेनो यांच्या 'इनिशियल डी' या चित्रमालिकेने, घाटातून टोफू पोचवणाऱ्या मुलाच्या गोष्टीने, ही गाडी घराघरांत नेली.

त्सुचियाची गोष्ट मी भारतातल्या मुलांना नेहमी शेवटपर्यंत सांगते, कारण ती सहसा घाटापाशीच थांबवली जाते. हा माणूस घाटात राहिला नाही. तो परवानाधारक शर्यतींत गेला, १९९५ साली ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याच ताकाहाशींच्या जोडीने होंडा एनएसएक्स चालवून आपल्या गटात पहिला आला, १९९९ साली तिथेच टोयोटाच्या गाडीत एकूण दुसरा आला. आणि २००० साली ड्रिफ्टची डी-१ ही स्पर्धा उभी राहिली, तीत तो परीक्षक म्हणून बसला. पहिली डी-१ एबिसूलाच झाली. रस्त्यावरचं मैदानात आणायला ज्यांनी मदत केली त्यांच्यात तो पुढे होता. घाटांचं काय झालं? अनेक घाटांत सरकारने वळणांवर उंचवटे आणि खांब बसवले. आज तिथे गाडी घसरवू गेलं तर चाक मोडतं.

एबिसू हे एक सर्किट नाही, एकाच डोंगरावर पसरलेल्या लहानमोठ्या धावपट्ट्यांचा तो समूह आहे. शेजारीच तोहोकू सफारी पार्क आहे. टायरचा आवाज थांबला की कधी सिंहाची गर्जना ऐकू येते. २०२१च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात इथे दरड कोसळून एक धावपट्टी गाडली गेली होती. नवशिक्यांसाठी मोकळं सपाट अंगण वेगळं, तिथे भिंत नाही, झाड नाही, खांब नाही. सुरक्षितपणे शिकण्याची सगळी हमी त्या रिकाम्या जागेत आहे. हेल्मेट वगैरे नंतरचं. गाडी सुटली आणि गिरकी घेत वाटेल तिकडे गेली, तरी तिला धडकायला काही सापडू नये, एवढं अंतर चहूबाजूंनी लागतं.

दुसरी हमी पाण्याची. त्या अंगणात पाणी मारतात. ओल्या जमिनीवर पकड कमी, म्हणून गाडी कमी वेगात घसरते. दहा मीटर त्रिज्येच्या गोलात ओल्या गुळगुळीत जमिनीवर मागचं चाक साधारण ताशी २० ते २५ किलोमीटरलाच सुटतं. कोरड्यावर त्यासाठी तीसच्या वर जावं लागतं. सायकलवाला जोर लावून जातो त्या वेगात ड्रिफ्ट शिकता येतो. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ताशी २० आणि ताशी ६० यांत फरक तिपटीचा वाटला तरी हाडांसाठी तो नऊपट आहे. शिवाय ओल्यात सगळं सावकाश घडतं. मागचा भाग सुटला, आता रुंदावतोय, आता परत येतोय, हे मेंदूला एकेक करून वाचता येतं. टायरही वाचतो. वेग आणि धूर दाखवणाऱ्या चित्रफिती बघून आलेल्या मुलांचा या ओल्या, संथ अंगणावर हिरमोड होतो. मला मात्र ते सगळ्यात सुंदर वाटलं, कारण माझ्या प्रयोगशाळेतला आलेख तिथे बसल्या जागी कमरेला कळत होता.

गाडीत बसण्याआधीची तयारी कंटाळवाणी आहे आणि ती जशीच्या तशी करायची. गाडीतलं सुटं सगळं बाहेर: पाण्याची बाटली, छत्री, पायपुसणी, डिकीतला जॅक. घसरत्या गाडीत बाटली गडगडत ब्रेकच्या पेडलखाली गेली, तर पहिला धडाच निकामी होतो. चाकांचे नट पान्याने तपासायचे. बॅटरी पट्ट्याने बांधलेली हवी. गाडी ओढायचा हूक आधीच लावून ठेवायचा. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, हेल्मेट, काचा वर. सीट एवढी जवळ, की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि क्लच तळाशी गेला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, कारण ते स्वतःहून जोरात फिरणार आहे.

हे स्वतःहून फिरणं नवख्याला सगळ्यात अवघड जातं. मागचा भाग बाहेर गेला की पुढची चाकं आपोआप गाडी ज्या दिशेला प्रत्यक्ष चालली आहे तिकडे वळू पाहतात; सस्पेन्शनची रचनाच तशी तिरपी केलेली असते. म्हणजे उलटं स्टिअरिंग मारायचं काम बरंचसं गाडीच करते. आपण फक्त मूठ सैल करून ते तळहातांखालून जाऊ द्यायचं आणि योग्य जागी पुन्हा धरायचं. घाबरलेला माणूस नेमकी मूठ आवळतो. शिक्षक शेजारी बसून एवढंच म्हणायचे, "सोडा. आता धरा. सोडा." माझे हात सैल झाले त्या दुपारी बाकी सगळं एकदम सोपं झालं.

पहिला व्यायाम गोलाचा. जपानी शिकाऊ त्याला तेइजोएन म्हणतात, स्थिर वर्तुळ. मधोमध एक प्लॅस्टिकचा शंकू. पहिल्या गिअरमध्ये त्याच्याभोवती सावकाश गोल फिरायचं, मग ॲक्सिलरेटर एकदा ठामपणे दाबायचा. मागचा भाग सुटतो. इथे ज्याने शंकूकडे बघणं सोडलं आणि बॉनेटकडे पाहिलं, तो गिरकी घेतो. डोळे जिकडे, हात तिकडे. सुटल्यानंतर पाय पूर्ण उचलायचा नाही, अर्धाही नाही. बुटाच्या आत बोट वाकवावं एवढाच सैल करायचा. पूर्ण उचलला तर मागच्या चाकांना पकड एकदम परत मिळते, स्टिअरिंग अजून उलटं असतं, आणि गाडी झटक्यात दुसऱ्या बाजूला फेकली जाते. जास्त दाबला तर मागचा भाग पुढच्याला गाठायला जातो आणि गिरकी. या दोन चुकांच्या मधली जागा पायाला सापडेपर्यंत गोल, गोल, गोल. एका बाजूने जमलं की दुसऱ्या बाजूने, कारण उजव्या गोलातलं शहाणपण डाव्या गोलात चालत नाही. मळमळतं. पंचविशीतली मुलंही उतरून गवतावर बसतात.

गोल पक्का झाल्याशिवाय आठ नाही. हाचि-नो-जि, म्हणजे आठाचा आकडा: दोन शंकू, एकाभोवती डावीकडे, दुसऱ्याभोवती उजवीकडे, मधे गाडी एका कुशीवरून दुसरीवर. आरटीओच्या मैदानात दुचाकीवर पाय न टेकता आठ काढला त्या दिवसाची मला फार आठवण आली. कागदावर आकृती तीच, आणि परीक्षाही तीच, मधल्या छेदाची. एका बाजूची घसरण संपून दुसरी सुरू होते तेव्हा गाडीचं वजन एका बाजूच्या स्प्रिंगांवरून दुसऱ्या बाजूवर झुलतं, आणि तो झोका पहिल्यापेक्षा मोठा असतो. मैदानावर तो झोका वापरून घेतात. खुल्या रस्त्यावर अनेकदा तोच झोका जीव घेतो. ओल्या घाटात मागचं चाक सुटतं, चालक घाईने उलटं स्टिअरिंग मारतो, पहिली घसरण सावरतेही, पण स्टिअरिंग सरळ करायला उशीर होतो, आणि गाडी उलट बाजूला दुप्पट जोराने झेपावते. बघणारा म्हणतो, "सावरली होती हो, मग काय झालं कुणास ठाऊक." झालं ते हे. उलटं मारता येणं अर्धी विद्या. वेळेवर सरळ करता येणं उरलेली अर्धी, आणि ती फक्त आठामध्ये शिकता येते.

पुढे दुसरा गिअर, कोरडी जमीन, हँडब्रेकने मागची चाकं क्षणभर अडकवून वळणात शिरणं, क्लच झटकन सोडून जोर देणं, ही सगळी त्याच पायावरची मजल्यामागून मजले चढणारी इमारत आहे. त्यात मी इथे शिरत नाही.

गाडीबद्दल थोडं. शिकायला ताकदवान टर्बो गाडी नको. जोर हळूहळू वाढणारी, साधी, हलकी गाडी हवी. जुन्या निस्सान सिल्व्हिया, टोयोटाच्या मार्क टू, नव्यांपैकी टोयोटा ८६ अशा गाड्या इथे दिसतात, पुष्कळशा ठोकलेल्या, दोरीने बंपर बांधलेल्या. मागच्या दोन चाकांना एकत्र फिरवणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल त्यांत असतो. साध्या डिफरन्शियलमध्ये वळणाच्या आतलं हलकं झालेलं चाक एकटंच गरगरतं आणि गाडी घसरत नाही, नुसती चिडते. गाडी स्वतः सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मैदानावर बंद करतात. रस्त्यावर ती बंद करायचं काहीही कारण नाही. ती एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावते. माझ्या किंवा तुमच्या पायाला ते करता येणारच नाही.

टायर तर माझाच विषय. ज्याला लोक धूर म्हणतात ते तापून सुटलेलं रबर आणि त्यातल्या तेलांची वाफ असते. टायर तापत जातो तसा तो चिकट होतो, मग एका मर्यादेनंतर पृष्ठभाग विरघळल्यासारखा होऊन पकड घसरते आणि गाडीचं वागणं दर फेरीला बदलतं. म्हणून थोड्या फेऱ्या, मग विश्रांती, इंजिनालाही आणि टायरलाही. पुढच्या चाकांना चांगले टायर, मागे झिजवायचे जुने, ही इथली रीत. पण जुने म्हणजे म्हातारे नव्हेत. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बरीच वर्षं उलटलेलं रबर नक्षी शाबूत दिसली तरी आतून कडक झालेलं असतं. बाजूला भेगा असतील किंवा मधून तारा डोकावत असतील, तर तो टायर त्या क्षणी बाद. तुमच्या घरच्या गाडीचा शिक्काही एकदा वाचून बघा.

आता आपल्याकडचं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या महाराष्ट्रात आजही पुष्कळ आहेत: बोलेरो, स्कॉर्पिओ, जुन्या इनोव्हा. त्यांच्यावर ड्रिफ्ट शिकू नये, हे मी हात जोडून सांगते. या गाड्या उंच आहेत. घसरताना चाकाला दगड लागला, डांबराची कड लागली किंवा मऊ मातीत चाक रुतलं, की घसरण एकदम अडते आणि वरचं वजन पुढे जात राहतं. बुटकी मोटार तिथे गिरकी घेईल, उंच गाडी उलटते. समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत हेच होतं. वरून सपाट, खाली मऊ. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदीच आहे, आणि ती योग्य आहे. रात्रीचा रिकामा उड्डाणपूल, एमआयडीसीतला रुंद रस्ता, सोसायटीचं पार्किंग, यांपैकी कशालाही मैदान म्हणता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्याला दंड आणि कैद दोन्ही आहेत, पण मला कायद्यापेक्षा दुसरीच गोष्ट सांगायची आहे. शिकायचं म्हणजे पुन्हा पुन्हा चुकायचं, आणि रस्त्यावर दुसऱ्यांदा चुकण्याची हमी नसते. गोल जमेपर्यंत मी किती गिरक्या घेतल्या त्याची मोजदाद नाही. त्यातली प्रत्येक गिरकी रस्त्यावर झाली असती तर कुणाच्या तरी अंगावर गेली असती.

एक कटू गोष्टही इथे सांगायला हवी. घसरलेली गाडी सावरायला शिकवलं की माणूस रस्त्यावर सुरक्षित होतो, असं वाटणं साहजिक आहे. नॉर्वेने १९७९ नंतर नवशिक्या चालकांना निसरड्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. आपल्याला येतं, या भरवशावर ते निसरड्यावर वेगात जाऊ लागले, असं त्यामागचं कारण सांगतात. मी हे वाचलं तेव्हा मला अण्णा दिसले. घसरलेली बस सावरणारा तो माणूस पहिल्या पावसात केळघर घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी. मैदानावर मला जे मिळालं त्याचा रस्त्यावर उपयोग एवढाच, की पकड संपत आल्याची खूण मला आधी कळते आणि मी वेग आधी कमी करते. आडवी गाडी रस्त्यावर सावरून दाखवायची वेळ माझ्यावर आलेली नाही, आणि येऊ नये अशीच मी गाडी चालवते.

पुण्यातल्या माझ्या भाच्याचा मध्यंतरी फोन आला. "मावशी, मित्राची जुनी सेडान आहे, मागच्या चाकांची. पार्किंगमध्ये पाणी मारून गोल काढू का? हळूच, वीसच्या वेगाने."

मी विचारलं, "खांब आहेत?"

"आहेत ना, पण लांब लांब."

"मग नको. खांब नसलेलं मैदान शोध, मालकाची लेखी परवानगी घे, रुग्णवाहिका आणि आग विझवायची साधनं असलेली माणसं उभी कर, शिकवणारा शेजारी बसव. हे सगळं कुठे मिळतं? सर्किटवर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे. प्रशिक्षणाचे दिवस कधी आहेत ते तिथे विचार. किंवा पैसे साठव आणि इकडे ये."

त्याने पैसे साठवायचं ठरवलं आहे. भारतातल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो, तो काढून ठेवायला मी सांगितलं आहे. गाडी भाड्याने घेऊ, म्हणजे त्याने ती ठोकली तरी किती भरायचं ते आधीच कागदावर ठरलेलं असेल. पहिला पूर्ण दिवस फक्त ओला गोल, दोन्ही बाजूंनी. आठाचा आग्रह त्याने धरायचा नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. बूट पातळ तळव्याचे, म्हणजे पेडल पायाला कळतं. हेल्मेट इथे मिळेल.